आबांच्या कानात

निखिल कॉम्प्युटरच्या मागे आडवा पडून चिमट्याने हेडफोनची मोडकी पिन उपसत होता आणि पिन काही जागची हलत नव्हती. मेली मोडायची ती आजच! नाशिकला आत्याचं उद्या ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याआधी तिला धाकट्या भावाशी बोलून घ्यायचं होतं.

भाऊ म्हणजे निखिलचे आबा. कुवेतला मुलाकडे आल्यावर त्यांना नवी श्रवणयंत्रं घेतली होती, पण फोनवरचं बोलणं त्यांना नुसतं गुणगुणल्यासारखं लागे. कॉम्प्युटरचा जाडजूड हेडफोन आवाज शेवटपर्यंत वाढवून कानांवर दाबला, की कुठे चार शब्द पदरात पडत. त्यामुळे घरात सगळे आबांशी ओरडून बोलत, आणि आबाही सगळ्यांशी ओरडून. कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या इमारतीत शेजाऱ्यांना मराठी कळत नव्हतं, हे नशीबच म्हणायचं.

शेवटी मेधा, निखिलची बायको, खालच्या दुकानातून ब्लूटूथचं नखाएवढं यंत्र घेऊन आली. ते खोचलं, की घरातला स्पीकर वायरीवाचून वाजेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. निखिलने ते खोचलं, पडद्यावर आलेल्या पहिल्याच नावावर घाईघाईत टिचकी मारली आणि कॉल लावला.

आत्या दिसली. दवाखान्याच्या खाटेवर बसून, मानेच्या शिरा ताणून ती बोलत होती. स्पीकर मात्र ढिम्म! जरा थांब, असं तिला खुणावायला निखिलने हात वर केला, तर आबांनी तो हात धरून खाली घेतला.

"ताई, ओरडू नकोस," ते म्हणाले. "येतंय मला ऐकू."

हळू म्हणाले. निखिलने वडिलांचा हा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो आबांकडे बघतच राहिला. मग पडद्यावरचं नाव त्याने नीट वाचलं. ते स्पीकरचं नव्हतंच. आबांनी झोपून उठून श्रवणयंत्रं नुकतीच चालू केली होती, त्यामुळे ती नव्या जोडणीसाठी खुली होती, आणि कॉम्प्युटर थेट त्यांनाच जाऊन जुळला होता.

आत्याही आता हळू बोलू लागली. खोलीत तिचा एक शब्द उमटत नव्हता. आबा मधेच हसत होते, मधेच "हो गं, आठवतंय" म्हणत डोळे पुसत होते. मेधाने काय चाललंय म्हणून भुवया उंचावल्या. आवाज स्पीकरवर घ्यायला एक टिचकी पुरली असती, पण निखिलने माउसवरचा हात काढून घेतला. देवघरात उभं राहिल्यासारखी दोघं उगी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आबांनी मुलाकडे पाहिलं. डाव्या कानातलं यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं आणि निखिलच्या कानात बसवलं.

आत्याचा घोगरा आवाज थेट त्याच्या डोक्यात आला.

"निख्या, दे बघू त्याचा कान परत. माझं बोलणं संपलं नाहीये अजून."