चिंधी हालून राहिली का?

मी एक जुना पंखा आहे. गार वारा देणारा नव्हे, तर खोलीतली हवा बाहेर फेकणारा. लोक मला एक्झॉस्ट म्हणतात. भिलाईच्या एका क्वार्टरात, न्हाणीघराच्या भिंतीत, छतापासून हातभर खाली मी आठ वर्षं बसलो आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी स्वतःची आरती ओवाळून घेतात. मलाही ते आवडलं असतं. पण एका सकाळी मी घरघर फिरत होतो, घराला वाटत होतं की मी काम करतोय, आणि माझ्या हातून काहीच होत नव्हतं. ती सकाळ सांगितल्याशिवाय स्वतःचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

मी दुर्गला भैयालालच्या दुकानात पडून होतो. तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता, रोज गाड्या भरभरून माणसं उतरत होती आणि ज्याला त्याला छताचा पंखा हवा होता. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. साठ सालच्या डिसेंबरात एक माणूस सायकलवरून आला, धुळीनं भुवयांपर्यंत माखलेला. त्याचं नाव शालिकराम. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता कारखान्यात गॅसच्या नळांवर कामाला.

"न्हाणीसाठी हवा बाहेर टाकणारा पंखा पाहिजे," तो म्हणाला.

भैयालाल हसला. "अरे भाई, ये तो होटल की रसोई में लगता है. नहानी में इसका क्या काम?"

दुकानात माझ्या जातीचे दोघे होतो. दुसरा मोठा, चकचकीत, आवाजाला दणदणीत. शालिकराम स्वतः विडी ओढत नव्हता, पण त्यानं भैयालालकडून एक पेटवून घेतली आणि आम्हा दोघांना आळीपाळीनं चालू करून मागे धरली. मोठ्याच्या कडेनं धूर परत फिरून आत येत होता. माझ्यातून तो सरळ पार होऊन बाहेर गेला. शालिकरामनं मोठ्याची चमक पाहिली नाही आणि माझा उडालेला रंगही पाहिला नाही. मला पोत्यात गुंडाळून त्यानं सायकलला बांधलं. कामासाठी माझी निवड पहिल्यांदाच झाली होती, त्यामुळे त्या खडबडीत रस्त्यावर मी फार फुशारलो होतो.

मला बसवायला शेजारचा चंपत वायरमन आला. भिंतीत वर उजेडासाठी होती ती काच काढून त्यांनी तिथे फळी ठोकली, फळीला गोल भोक पाडलं, मला त्यात घट्ट बसवलं. बटण न्हाणीच्या बाहेर ठेवलं. स्क्रू आवळता आवळता चंपतनं विचारलं, "शालिक, येवढा खटाटोप कायले करून राहिला बे?"

शालिकरामनं आधी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्याची आई मैनाबाई तिथे डिंक निवडत होती. मग तो हळू आवाजात बोलला.

"माही बहीण सिंधू. पहिल्या बाळंतपणाले घरी आली होती. मायनं बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवली, दारं-खिडक्या लावल्या, फटीत गोणपाट कोंबलं. सकाळी दार उघडलं त सिंधूही गेली होती अन् लेकरूही. लोक म्हणाले, बाळंतवारा लागला. मायलेही तेच वाटते. कुठून तरी वारा शिरला म्हणून लेक गेली, असं."

"अन् तुले?"

"मलेही तेच वाटे. इथं कामाले लागलो तेव्हा शिकवलं. निखाऱ्यातून एक गॅस निघते. तिले वास नाई, रंग नाई. माणूस झोपते तो उठतच नाई."

"मंग मायले सांग ना."

"कसं सांगू, चंपत? तिनंच कोंबलं होतं ते गोणपाट."

चंपतनं पेचकसानं तो स्क्रू आणखी एक वेढा आवळला.

शालिकरामची बायको शेवंता तेव्हा पोटुशी होती. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पाव्हणेरावळे, म्हणून बाळंतिणीची अंघोळ आणि शेक दोन्ही न्हाणीतच होणार होतं. शेगडी नको, असं तो आईला सांगून थकला होता. "शेक नाई घेतला त बाई जलमभर कण्हत राहते," एवढंच तिचं उत्तर. तिच्यापुढे त्याची मात्रा चालेना, म्हणून मी या घरात आलो होतो.

सगळं झाल्यावर शालिकरामनं लाल लुगड्याची एक चिंधी फाडली आणि बाहेरच्या बाजूनं माझ्या जाळीला बांधली. त्याच्या कामावर गॅसच्या जागी जाण्याआधी वर बांधलेलं फडकं पाहायची रीत होती, हवा कुणीकडे चालली ते कळावं म्हणून. मी फिरू लागताच चिंधी आडवी होऊन फडफडली. मैनाबाई परसात आली आणि वर पाहून म्हणाली, "हे बरं केलं. कोणाची दिठ नाई लागणार."

शालिकरामनं चिंधीची गाठ पुन्हा एकदा आवळली. मग म्हणाला, "हो माय, दिठीसाठीच हाय. पण ध्यान ठेवजो. पंखा चालू असताना चिंधी हालत राहिली त घर खुशाल. थांबली त पहिले न्हाणीचं दार उघडजो. बाकी काही नको पाहू."

तो खोटं बोलला, हे मला आवडलं नव्हतं. नवखा होतो मी, मला काय कळणार?

जानेवारीत शेवंताला मुलगी झाली. इस्पितळातून ती घरी आली आणि न्हाणीत रोजचा शेक सुरू झाला. ऊन पाणी, ओव्याचा वास, कोपऱ्यात शेगडी. दाराखालच्या फटीतून चांगली हवा आत येई आणि मी वाईट हवा बाहेर लोटी. चार दिवस असेच गेले. शेजारच्या बायका मला पाहायला आल्या, मैनाबाई म्हणाली, "पंख्याचा आवाज आला की मले बरं वाटते." ते ऐकून मी आणखीच घरघरत असे.

पाचव्या दिवशी थंडी फार होती. आदल्या रात्री बाळ दोनदा शिंकलं होतं. शालिकराम पहिल्या पाळीला गेला होता. मैनाबाईनं दोघींना न्हाऊ घातलं, शेवंताला पाटावर बसवून मांडीवर लेकरू दिलं, शेगडी जवळ सरकवली. निखारे लालबुंद फुललेले, धुराचं नाव नाही. लेकराच्या डोळ्यांना झोंबू नये म्हणून तिनं ते मुद्दाम असे फुलवून आणले होते.

"उठजो नको. चांगला शेक घे," असं सांगून ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. मग मला दाराखाली काहीतरी सरकताना दिसलं. गोणपाटाची गुंडाळी होती ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं फट बंद केली. एक लेक वाऱ्यानं गेली होती, आता ती नातीला वारा लागू देणार नव्हती.

मित्रांनो, मी फिरत होतो. पाती तीच होती, वेग तोच होता. पण आत हवा यायलाच वाट नव्हती, तर बाहेर काय नेणार? अंघोळीची वाफ तिथल्या तिथे घुटमळू लागली. स्वयंपाकघरात मैनाबाई कढईत डिंक तळत होती, आणि माझा आवाज ऐकून निश्चिंत होती. त्या दिवशी मला माझ्या आवाजाची चीड आली. बंद पडलो असतो तर कोणीतरी धावून आलं असतं. मला बंद पडताही येत नव्हतं.

शेवंतानं कपाळ दाबलं. "डोकं भणभणून राहिलं," ती स्वतःशीच पुटपुटली. उठायचा प्रयत्न केला तर पाय उचलेनात. भिंतीला डोकं टेकून ती बसली. बाळ रडत होतं, ते कुरकुरू लागलं, आणि मग कुरकुरही थांबली. निखारे तेवढे छान फुललेले होते. मी गरगर फिरत त्या दोघींकडे पाहत राहिलो. कोणावर अशी वेळ येऊ नये.

मैनाबाई बाळाची लंगोटी वाळत घालायला परसात आली. दोरीवर एक टाकली, दुसरी झटकली, आणि सवयीनं वर पाहिलं. मी घरघरत होतो. माझ्या जाळीवरची चिंधी सरळ खाली लोंबत होती.

तिच्या हातातली लंगोटी मातीत पडली. हवा, गॅस, फट, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. चिंधी थांबली म्हणजे दिठ आत शिरली, एवढंच तिला कळलं. पण लेकानं सांगितलेलं ती विसरली नाही. देवापाशी गेली नाही, मीठ-मिरच्या शोधल्या नाहीत. धावत आली, गोणपाट लाथेनं उडवलं आणि दार उघडलं.

हवा आत आली तशी माझी पाती हलकी झाली. बाहेर चिंधी ताडकन आडवी झाली. मैनाबाईनं लेकरू पदरात घेतलं, शेवंताला काखेत धरून ओढत परसातल्या उन्हात नेलं आणि चंपतच्या घराकडे तोंड करून हाका मारल्या. शेवंताला ओकारी झाली, मग तिनं डोळे उघडले. बाळ मात्र गप्प होतं. मैनाबाई त्याचे तळवे चोळत होती, "रड वो माय, रड ना," म्हणत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक शिंक आली, आणि मागोमाग रडणं. त्या रडण्याइतका गोड आवाज मी अजून ऐकलेला नाही.

चंपतनं दोघींना इस्पितळात नेऊन दाखवून आणलं. दुपारी शालिकराम आला तेव्हा मैनाबाई न्हाणीच्या उंबऱ्यात बसली होती, मांडीवर ते गोणपाट. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "शालिक, चिंधी कायची होती रे?"

त्याची नजर तिच्या मांडीवरच्या गोणपाटाकडे गेली.

"दार उघडलं, वारा आला, तवा या दोघी वाचल्या. माह्या सिंधूले वारा नोयता लागला. हो ना?"

"माय, तुले काय मालूम होतं."

"वारा भेटला नाई माह्या लेकीले," ती म्हणाली. मग पुष्कळ वेळ रडली. शालिकराम तिच्याजवळ खाली बसून राहिला. संध्याकाळच्या आत तिनंच त्याच्याकडून करवत मागवली. दार बिजागरीतून काढलं, तिनं ते धरलं आणि त्यानं खालची तीन बोटं रुंद पट्टी कापून टाकली. शेगडी त्या दिवसापासून परसातच राहिली. शेक म्हणून ऊन पाण्याची पिशवी आली.

ती मुलगी, दुर्गा, आता आठ वर्षांची आहे. माझ्या पात्यांवर तेला-धुळीची पुटं चढली आहेत, मधूनच मी कण्हतो, आणि नवा पंखा आणायचं घरात बोलणं चालू आहे. खुशाल आणा. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याची पाती वर्षातून दोनदा पुसा, दाराखालची फट बुजवू नका, आणि त्याच्या आवाजावर विसंबू नका. त्याच्या जाळीला एक चिंधी बांधा. पंखा बदललात तर ती नव्याच्या जाळीलाही बांधा.

मैनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तिला माझी जाळी आता दिसत नाही. तरी शेवंता न्हायला गेली की ती परसात येऊन उभी राहते आणि नातीला विचारते, "चिंधी हालून राहिली का वो, बाई?"

"हालून राहिली, आजी," दुर्गा म्हणते. तेव्हाच ती खाली बसते.