सईच्या ओळीचा शेवट

माझी शाळा सगळी उर्दूत झाली, म्हणूनच की काय, मराठी कवितेची अक्षरं मोजायचं मला वेडच लागलं होतं. दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो, तर तिथंही पहाटे जात्यावरची ओवी कानी पडताच माझी बोटं चालू झाली.

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई द्वारकाबाई, एकट्याच दळत होत्या. एक ओळ म्हणायच्या, मग जातं नुसतंच फिरू द्यायच्या, मग दुसरी. ओळी मैत्रिणीवरच्या. सहा अक्षरं, थांबा, आठ अक्षरं, बिलकुल चूक नाही. पण एका ओळीचं दुसरीशी यमक जुळेल तर शपथ!

उजाडल्यावर मी विचारलं, "मामी, ओव्या अशा अर्ध्याच का?"

"ह्या माझ्या जोडीच्या ओळी, जावईबापू. आधीची ओळ चतुराची. तिनं सोडायची, मी जोडायची."

चतुराबाई त्यांची मैत्रीण. दोघींनी जन्मभर एका जात्यावर दळलं होतं. बोलता बोलता मामींनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याच लग्नातली गोष्ट निघाली. हळद दळताना बायकांनी चतुराबाईंचा हात जात्यावरून काढला होता. विधवेचा हात हळदीला चालत नाही ना! मामी तिथंच होत्या. गप्प राहिल्या.

"तवापासून तिनं माझं नाव टाकलं. परक्यावानी 'बाई' म्हनायची. अंबडला भावाकडं जायच्या दिशी जात्याशी येऊन बसली, एक ओवी म्हनली न् गेली. तिकडंच वारली. मी रडून राह्यलेली, तिची ओळ ध्यानातच न्हाई. तोंडानं आपसूक जोड दिली, तेवढी हाये. शाप दिला आसंल का हो तिनं?"

मला येतं तेच केलं. "एखादी जोडी पुरी आठवते?"

मामींनी म्हटलं,

"तुझी माझी प्रीत, लिंबाऱ्याची ग सावली
सावलीत सई, माझी दुसरी माउली."

सईच्या, म्हणजे मैत्रिणीच्या, ओळीचा शेवटचा शब्द उचलून मामी आपली ओळ त्यानंच सुरू करत होत्या आणि शेवटी त्याच्याशीच यमक जुळवत होत्या. मी पुढच्या ओवीतली फक्त त्यांची ओळ मागितली.

"पाणी ग शेंदिता, सई गाते गोड गाणी."

"मग तिची ओळ 'पाणी'वर संपली असणार."

"बराबर!" मामी ओरडल्याच. "तुझ्या माझ्या घरी, एका आडाचं ग पाणी!"

गेलेल्या बाईच्या ओळींची टोकं हिच्या तोंडात जिवंत होती आणि हिला पत्ताच नव्हता! केवढी ही करामत, आणि मी बसलो होतो अक्षरं मोजत.

"आता ती शेवटची म्हणा."

"द्वारका म्हनती, सईविना जीव फुका."

बायका ओवीत आपलं नाव गुंफतात, तसंच हे नाव, असं आजवर मामी धरून चालल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्या ओळीच्या पहिल्या शब्दाकडे परतल्या.

"द्वारका," त्या हळूच म्हणाल्या. "जाता जाता तिनं माझं नाव घेतलं."

ओळीतलं बाकीचं मला काही केल्या सापडलं नाही. मामींनीही विचारलं नाही. त्या पुन्हा जात्याशी बसल्या, सईच्या ओळीपुरतं जातं फिरू दिलं आणि कुणाच्या हाकेला उत्तर द्यावं तसं, ओवीऐवजी त्यांच्या तोंडून निघालं,

"ओ, चतुरे!"