चौकशीत दोषी ठरलेला वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय. कॉलेजच्या क्रीडा विभागामागे मोडके बाक आणि फुटकं बेसिन टाकलंय ना, त्यांच्या शेजारी पडलोय. माझ्या तोंडावर लाल रंगाने 'निकामी' लिहिलंय. लिहिणाऱ्याला घाई असावी, रंग ओघळून पार खालपर्यंत आलाय. भिऊ नका, रक्त नाही ते. या प्रकरणात रक्त कोणाचंच सांडलं नाही, सगळं कसं खेळीमेळीत पार पडलं.

माझा जन्म गुजरातेतला, सावरकुंडल्याचा. खाली लोखंडी फळी, वर गोल तबकडी, तबकडीत एक सुई. फळीवर येईल ते तोलायचं आणि सुईने सांगायचं, एवढीच अक्कल देऊन मला घडवलं. ट्रकात बसून मी चिखलीच्या बाजारात एका अडत्याच्या दुकानी आलो. सोयाबीन आणि तुरीची पोती तोलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मापात पाप कसं करतात ते मी तिथे पाहिलं. शेतकऱ्याने चहाच्या कपाला तोंड लावलं की कोणाचा तरी अंगठा माझ्या फळीच्या कडेखाली जायचा आणि भरलं पोतं हलकं व्हायचं. दरवर्षी सरकारी माणूस येऊन मला तपासायचा, शिक्का मारायचा. तपासायला हवे होते अंगठे, पण तपासणी माझी व्हायची.

पुढे बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आमच्या अडत्याला दानधर्म सुचला. टाकून द्यायची वस्तू दान म्हणून द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने वडिलांच्या स्मरणार्थ मला कॉलेजला दिलं. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी माझ्या फळीवरच नारळ फोडला आणि फोटो काढून घेतला.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दिवस फार मजेचे होते. मला वऱ्हांड्यात ठेवलं होतं. कबड्डीत वजनाची मर्यादा असते. तिच्यावर गेलात की मैदानाबाहेर. म्हणून मुलींचा संघ सकाळी माझ्याभोवती गोळा व्हायचा. पोत्यांनंतर हसणारी माणसं तोलायला मिळाली, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

"छाये, आलूबोंडा खाऊन आली काय व? सुई पाय कुठी गेली!" मयुरी म्हणायची.

"तू नको बोलू. तुह्या दप्तरासकट चढली तू," छाया म्हणायची.

मयुरी संघाची चढाई करणारी मुलगी. समोरच्या सात जणींत शिरायची आणि कोणाला तरी शिवून परत यायची. तिचे वडील पंजाबराव चिखलीजवळ वांगी-मेथी लावायचे. भाजीच्या टेम्पोतून तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे. एकदा वऱ्हांड्यात उभं राहून ते तिला म्हणाले होते, "शिकून राह्यली, खेळून राह्यली, तवर लग्नाचा विषय नाही काढत मी. पण कुठून बोल आला ना मयुरे, तं मंग घरी." मयुरीचं सगळं आयुष्य त्या एका अटीवर उभं होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे इतरांनाही ठाऊक झालं.

मग हर्षल सर आले. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांनी कुठेतरी पदक मिळवून दिलेलं, त्यामुळे फाटकापासूनच त्यांच्या गळ्यात हार होते. विद्यापीठ संघाचा सराव आणि निवड आता आमच्याच कॉलेजात, त्यांच्याच हातून होणार होती. आल्या दिवशी त्यांनी मला वऱ्हांड्यात पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं.

"मुलींचं वजन असं उघड्यावर? येणारा-जाणारा बघतो. घरंदाज पोरी आहेत ह्या," ते म्हणाले.

प्राचार्या अनुपमा मॅडमना ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे शिपायाला हाक मारली. मला उचलून क्रीडा विभागाच्या खोलीत नेलं, खिडकीला पडदा लावला, दाराला आतून नवी कडी बसवली. लाज राखायची म्हणून. मुलींच्या आयांनी सरांना दुवा दिला. उघड्यावर कोणाच्या केसालाही धक्का लागत नव्हता, तिथून उचलून पोरींना बंद दाराआड नेलं आणि त्याला अब्रू म्हटलं. हे फक्त आपल्याच लोकांना सुचावं.

सर एकेकीला आत बोलवायचे. कपड्यांचं वजन धरत नसतात, हा नियम त्यांनी स्वतःच काढला. कडी लागली की माझ्या फळीवर एक मुलगी उभी असायची आणि सुई मात्र दोघांचा भार दाखवायची. एवढ्यावरून समजून घ्या. पुढचं मी सांगणार नाही. नको ते तोंडाने पुन्हा पुन्हा वदवून घेणारे त्या मुलींना नंतर पुष्कळ भेटले.

पोरी भोळ्या. त्यांना वाटलं, वजन मर्यादेत बसलं तर पुन्हा बोलावणार नाहीत. म्हणून त्यांनी जेवण सोडलं, पाणी तोडलं. मी रोज त्यांना हलकं होताना पाहत होतो. सर तरीही बोलवायचे. एका दुपारी मयुरी चढाईला गेली आणि कोणी हात न लावताच मैदानात कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिने ठरवलं की मॅडमना सांगायचं.

अनुपमा मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं नाही, ऑफिसात माणसं असतात. त्या माझ्याच खोलीत आल्या.

"आधी पाणी पी बाळा. आणि सांग, सरांनी तुझ्यासाठी काय करायचं बाकी ठेवलंय?"

"मॅडम, ते वजनाच्या नावानं हात..."

"अगं, प्रशिक्षक आहेत ते. हात धरल्याशिवाय खेळ शिकवता येतो का? मी तुला आईसारखी, म्हणून सांगते. विद्यापीठाच्या संघात नाव येतंय तुझं. ते घालवायचंय?"

मयुरीने पदर धरावा तशी त्यांच्या खुर्चीची कड धरली. "मंग मॅडम, वजनाच्या टायमाले तुमी एकडाव इथं बसा. बाकी काहीच नाही मांगत मी."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना मीटिंग होती.

त्या रात्री मयुरीने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंजाबराव भाजी बाजारात न नेता टेम्पो थेट कॉलेजच्या फाटकावर घेऊन आले आणि असे गरजले की दोन वर्ग बाहेर आले. कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं. बातमी जिल्हाभर झाली. एका संघटनेने मोर्चा काढला. कुलगुरूंनी विद्यापीठातून निवेदन दिलं, "कोणाचीही गय केली जाणार नाही." मी खुळा, मला आनंद झाला. गय कोणाची होणार नाही, ते मला काय माहीत!

चौकशी समिती आली ती आधी अर्जुनरावांकडे पुरणपोळी जेवायला गेली. मग ढेकर देत खोलीत शिरली. कुलसचिव अध्यक्ष, बरोबर विद्यापीठाचे क्रीडा संचालक आणि एक प्राध्यापिका. पंजाबरावांना दाराबाहेर थांबवलं. हर्षल सरांना आत खुर्ची दिली.

"हं, कशी उभी होतीस ते दाखव," कुलसचिव म्हणाले.

मयुरी माझ्यावर उभी राहिली.

"सर कुठे होते? सर, तुम्ही जरा उभे राहा तिथे. म्हणजे आम्हाला कल्पना येईल."

सर उठले आणि होते तिथे उभे राहिले. प्राध्यापिका बाई वहीत मान घालून बसल्या. मयुरीच्या पायातलं कापरं माझ्या फळीत उतरलं आणि माझी सुई लटलट हलू लागली. जीव तोडून मी ती धरून ठेवायला पाहत होतो, पण मला खोटं दाखवता येत नाही. ती कापत होती, मी कापणं दाखवत होतो.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "बघा साहेब. सुईच ठरत नाही. म्हणून तर पुन्हा पुन्हा वजन घ्यावं लागतं मला. जुनाट वस्तू आहे."

"काटा चांगला हाय, साहेब," मयुरी म्हणाली. "मीच कापून राह्यली."

ते कोणीच लिहून घेतलं नाही. कुलसचिवांना कुतूहल वाटलं, ते स्वतः माझ्यावर चढले, सुई पाहिली आणि उडालेच. "छे छे! एवढं कुठलं माझं वजन!" सगळे पोट धरून हसले. क्रीडा संचालक म्हणाले, साहेब, काट्यात फरक आहे, यात शंकाच नको. अर्जुनरावांच्या पुरणपोळ्या मी तोलल्या होत्या, चूक माझीच.

मग छायाला बोलावलं. आदल्याच दिवशी सरांनी तिला कर्णधार केलं होतं. ती मयुरीकडे न बघता म्हणाली, "माह्यासंग असं काही नाही झालं."

अहवाल आला. वजनकाटा सदोष असल्यामुळे वारंवार वजन घ्यावे लागले आणि त्यातून विद्यार्थिनीचा गैरसमज झाला. काटा तात्काळ बाद करण्यात यावा.

पण एवढ्यावर भागत नसतं, वर मिटवामिटवी लागते. अर्जुनरावांनी पंजाबरावांना आणि मयुरीला त्याच खोलीत सर आणि मॅडमसमोर बसवून चहा पाजला. "पंजाबराव, पोरगी जशी तुमची तशी आमची. पेपरात तिचं नाव येऊ नाही देलं आमी. उद्या तिचं लगन करान, तं पाव्हणे इचारतीनच ना? आपल्या हातानं काऊन बोभाटा करता? सरायच्या पाया पडू द्या तिले. गुरू हायत. विषय खतम."

फाटकावर गरजलेला तो बाप खांद्यावरचा दुपट्टा पिळत बसला होता.

"बाबा, पडू काय?" मयुरीने विचारलं.

त्यांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मग पंजाबराव म्हणाले, "पड, बाई. घरी जाऊ."

ती वाकली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "यशस्वी हो" म्हणाले. अनुपमा मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मला माणसांची किळस आली, स्पष्टच सांगतो. पोत्यांनी कधी आणली नव्हती.

आता कोणाचं काय झालं ते ऐका. हर्षल सर विद्यापीठ संघाचे व्यवस्थापकही झाले. मॅडमना विद्यापीठाने विद्यार्थिनींच्या तक्रारींसाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद दिलं. परिस्थिती संयमाने हाताळल्याबद्दल अर्जुनरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कुलगुरूंनी वर कळवलं की दोषीवर कारवाई पूर्ण झाली आहे. कारवाई म्हणजे मला पाठीवर घेऊन शिपायाने इथे आणून आदळलं आणि तोंडाला रंग फासला. खोलीत माझ्या जागी काचेचा नवा काटा आलाय. पडदा तोच, कडी तीच. भंगारवाल्याला निरोप गेलाय, तो आज-उद्या येईल.

आत्ता थोड्या वेळापूर्वी छाया इकडे मागे आली. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. माझ्या फळीवर मटकन बसली. ती किती हलकी झालीय ते मला कळलं, पण मला आता कोण विचारतो! तिने मयुरीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून समोर धरला.

"मयुरे, आता माह्यावर आली पाळी. रोज बोलावून राह्यला तो. मी सांगतो सगळं. तू फक्त म्हण की तुह्यासंगही झालं होतं. दोघी असलो तं आयकतीन."

पलीकडून शेतातल्या पंपाची घरघर ऐकू येत होती.

"छाये, लगन ठरलं माह्यं, परवा कुंकू हाय," मयुरी म्हणाली. "कॉलेज तं सुटलंच. माह्यं नाव नको घेऊ. बाबा मरतीन." आणि मग, फोन ठेवण्याआधी, "मी म्हणलं होतं तवा तू कुठी पायत होती व?"

फोन बंद झाला. भिंतीपलीकडून हर्षल सरांची हाक आली, "छाया! वजनाला चल." ती उठली, ओढणी नीट केली आणि गेली. दार लागल्याचा आवाज मी आत्ताच ऐकला.

माझं जाऊ द्या, मी लोखंड. वितळेन आणि दुसरं काही होईन. मला न्याय नको, रंग पुसायला नको. तुमच्यापैकी कोणी इथे जवळपास असेल, तर उठा आणि त्या खोलीचं दार वाजवा. छाया आत आहे.