निळ्या फुलांचा कप

रुक्मिणीने तो कप नोरा घरी आली त्या पहिल्याच दिवशी डिचोलीच्या बाजारातून आणला होता. पांढरा, चिनी मातीचा, निळ्या फुलांचा. घरात बाकी सगळे स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत. कप फक्त नोरासाठी, आणि तो राहायचा बाहेर पडवीतल्या कोनाड्यात. स्वयंपाकघराचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. नोरा चहा पिऊन गेली, की रुक्मिणी लांबूनच कपावर पाणी ओतायची, दोन बोटांनी तो कोनाड्यात उपडा घालायची आणि मग स्वतःचे हात धुवायची.

गोवा वेगळं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. नोरा आयर्लंडची. मिशनच्या माणसांबरोबर दोन महिन्यांसाठी शिरगावच्या दवाखान्यात फुकट राबायला आलेली. औषधाच्या निमित्ताने ही माणसं बाटवतात, अशी गावात कुजबुज होती. रुक्मिणीचा त्यावर अर्धा विश्वास होता. पण तिच्या सासूच्या, यशोदेच्या, पायाची जखम सहा महिने भरत नव्हती आणि घरी येऊन पट्टी बांधणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं. नोरा रोज दुपारी यायची, जमिनीवर बसून म्हातारीचा पाय मांडीवर घ्यायची आणि नाक न मुरडता पू पुसायची. मग चहा. चहा संपला की न चुकता "देव बरें करूं" म्हणून आभार मानायची. तेवढी एकच कोकणी तिला यायची.

रुक्मिणीची मुलगी योगिता म्हापशाला कॉलेजात होती. तिचं नोराशी चांगलंच जमलं होतं. तिनेच बातमी आणली, की आज नोराचा वाढदिवस आहे आणि तिच्याबरोबरचे सगळे मुरगावला औषधांची खोकी आणायला गेलेत.

"चेडवाची आवस थंय लांब," यशोदा म्हणाली. "आईच्या जागी तू ओवाळ त्या पोरीक."

सासूचा शब्द मोडायचा नाही म्हणून रुक्मिणीने शिरा केला, निरांजन लावलं, पाट मांडला. मांडला तो पडवीतच. कुंकू लावायला तिने योगिताला पुढे केलं आणि आपण नुसतं तबक फिरवलं. योगिताच्या ते लक्षात आलं.

ओवाळून झाल्यावर नोराचे डोळे भरून आले. ती इंग्रजीत बराच वेळ बोलली. योगिताने मान खाली घालून एकेक वाक्य सांगितलं, त्यातलं काही गाळलं नाही की मऊ केलं नाही.

"ती म्हणता, आमी सात भावंडां. माझ्या एकटीचा असा घरात कधी कायच नव्हता. तुमी स्वतः पोचे आयलेल्या पेल्यांनी चाय पितात आणि माका फुलांचो कप आणलात. दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणान तो वेगळो ठेवलात. मी आईक पत्रातसून कळवलंय. वाढदिवसाची भेट म्हणान तो कप माका देतलात?"

रुक्मिणीची कानशिलं तापली. अशा वेळी सासू फार उपयोगी पडते. ती यशोदेकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तुमका चलाचा नाय, म्हणान मी तो भायर..."

"मी कधी सांगलंय?" यशोदेने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "तेच्या हातान माझो पाय बरो होता, आणि तेच्या पेल्याचो माका इटाळ होतलो?"

खरंच तिने कधी सांगितलं नव्हतं. रुक्मिणीने खूप आठवून पाहिलं. कप आणायचं, तो बाहेर ठेवायचं, नंतर हात धुवायचं, सगळं तिचं तिनेच ठरवलं होतं आणि दीड महिना मनातल्या मनात म्हातारीच्या नावावर खपवलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"तेका खरा काय तां सांग," ती योगिताला म्हणाली.

"तूच सांग. माझ्यान नाय होवचा."

नोरा दोघींकडे आशेने पाहत होती. बहुधा तिला वाटलं, आपण जास्तच मागितलं. ती घाईघाईने नको नको असा हात हलवू लागली. रुक्मिणीने कोनाड्यातून कप काढला आणि आत नेला. घरच्या पेल्यांबरोबर घासला, पदराने पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला. आत उभं राहून तिने खरं सांगायची चार वाक्यं जुळवली. बाहेर आली तेव्हा त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. तिने पुडकं नुसतं पुढे केलं.

नोराने ते छातीशी धरलं आणि वाकून रुक्मिणीच्या पायांना हात लावला. हे योगिताने कधीतरी शिकवलं असणार. रुक्मिणी चटकन मागे सरली. नोराला तो संकोच वाटला. ती हसली, एक पाऊल पुढे आली आणि पुन्हा वाकली. रुक्मिणीच्या पाठीला भिंत लागली होती.

"आशीर्वाद दी गो तेका," यशोदा म्हणाली.

रुक्मिणीने नोराच्या केसांवर हात ठेवला. दीड महिन्यात तिने त्या पोरीला पहिल्यांदाच हात लावला होता.