बुटक्या खोपीचं छप्पर

वाऱ्यानं मळ्यातल्या खोपीचं छप्पर उचलून ओढ्यात नेऊन टाकलं, तेव्हा माझी भावजय आतच बियाणं निवडत बसली होती. मी धावत गेले, तर ही तशीच बसलेली, केसांत काडीकचरा. म्हणाली, "वन्सं, छप्पर गेलं." दूध नासलं म्हणून सांगावं तसं.

माझा धाकटा भाऊ गेल्यापासून तिचं हे असंच. गार की गरम, हवं की नको, काहीही विचारा, "चालेल" एवढंच. एकदा माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर तोही पिऊन कप विसळून ठेवला. रडलीसुद्धा नाही नीट.

छपराचं ठरवायला दादा सुताराला घेऊन आला. दादा आमचा थोरला, ताडमाड. खोप बांधली होती धाकट्यानं, स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मापानं. आणि तो होता जेमतेम माझ्या खांद्याएवढा. आत ताठ उभी राहायची ती नवरा-बायको दोघंच. बाकीचे आम्ही आत जाताना वाकायचो आणि बाहेर येताना विसरायचो. मग आतून तो विचारायचा, "चौकटीला फार लागलं नाही ना?"

"गवतच टाकू," दादा म्हणाला.

"टाका की. उंदीर दुवा देतील," सुतार म्हणाला. "शिवाय गवताला चांगला उतार लागतो, पहिल्याला नव्हता म्हणून तर उडालं. कौलांनाही लागतो. म्हणजे भिंती हातभर वर घ्यायच्या, चौकटही वर."

"आणि पत्रा?"

"पत्रा आहे या भिंतींवर बसेल. पण इतक्या खाली पत्रा म्हणजे दुपारचा माणूस शिजेल आत. वाढवा भिंती. किती दिवस डोकी फोडून घेणार?"

"मग कौलंच," दादा म्हणाला. "सगळं मी बघतो. माझी मोटार नि पाइप राहतील एका कोपऱ्यात. कुलूप लावू चांगलंसं. किल्ली माझ्याकडे असली म्हणून काय झालं, हिनं हाक मारली की उघडून देईन."

दादा वाईट नाही. पण त्याचा कोपरा वाढत वाढत चारी भिंतींना टेकतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आणि स्वतःचं म्हणावं असं भावजयीकडे आता ही खोपच उरलेली.

"काय गं, चालेल ना?" दादानं तिला विचारलं.

मी खाली बघितलं. उत्तर मला पाठ होतं.

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. "पत्रा टाका."

"अगं, शिजशील."

"भिंती वाढवायच्या नाहीत, भावजी. त्यांच्या मापाच्या आहेत."

आवाज चढला नाही की भरला नाही. तिनं सूप परत मांडीवर घेतलं. सुतारानं उघडलेली टेप गुंडाळून खिशात टाकली.

पत्रा बसला त्याच दिवशी दादा मोटार खांद्यावर घेऊन आला. चौकटीत आठवणीनं वाकला, पण आत जाऊन ताठ झाला तो थेट वाशावर आदळला. मोटार खाली टेकवून कपाळ धरून बसला. आतून कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं, "ठेवायची कुठे इथं, धड उभं राहता येत नाही," असं पुटपुटत मोटार परत घेऊन गेला. कुलपाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग एका दुपारी मी वांग्यांना पाणी देत होते, तर भावजय खोपीतून बाहेर आली. तोंड लालबुंद, पदर ओला. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"वन्सं, आत फार तापतं हो."

माझ्या हातातला पाइप भलतीकडेच वाहायला लागला. म्हटलं, "पत्र्यावर गवताच्या पेंढ्या अंथरू. नुसत्या सावलीला. त्याला उतार नको की काही नको."

"अंथरा," ती म्हणाली. मग जरा थांबून, घाम पुसत, "आणि त्या दिवशीचा तो चहा. खारट होता."