विसाव्याचा दगड

लालबागच्या आमच्या चाळीत कुणी गेलं की पहिली हाक कोंडीरामला जायची. बांबू कुठे मिळतील, सुतळीची गाठ कशी मारली की वाटेत सुटत नाही, दुसऱ्या मजल्याच्या चिंचोळ्या जिन्यात तिरडी कशी वळवायची, सगळं त्याच्या हातांना पाठ. त्याच्या मागे जयवंत, माझा थोरला भाऊ राजाराम आणि मी, भिवा. चौघांचे खांदे एका उंचीचे, म्हणून चौकडी जमून गेली होती. एरवी गिरणीत, आणि कुणी सरलं की त्याच्या तिरडीखाली.

जाईवहिनीला गडावर न्यायचं ठरलं तेव्हाही हाक आम्हा चौघांनाच आली.

जाईवहिनी म्हणजे राजारामदादाची बायको. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली होती, गिरण्या बंद होत्या. ती ना मोर्चात होती, ना घोषणा देत होती. गॅलरीत वाळत घातलेलं लुगडं काढायला हात वर केला, आणि रस्त्यावरून आलेली गोळी तिच्या कण्यात रुतली. जीव राहिला, पाय गेले. वाइंडिंग खात्यात दिवसभर तुटलेलं सूत सांधणारी बाई दाराशी एका जागी बसली ती बसलीच. बसून ओव्या गायची. मालवणाकडची, जात्यावर वाढलेली. तिचा बाप कधीकाळी लोहगड बघून आला होता. तिथे एकावर एक चार दरवाजे आहेत, आणि चौथ्याच्या आत वारा माणसासारखा बोलतो, असं त्याने लेकीला सांगितलेलं. त्याचीच तिने ओवी केली होती:

*उंच गं गडावरी, वारा घालितो रुंजी*
*चौथ्या गं दारापाशी, माझ्या जिवाची कुंजी*

साठ सालच्या एक मेला चाळीला तोरणं लागली, कंदील लागले. अंगणात हुतात्म्यांची नावं वाचली गेली. वहिनी वर गॅलरीतून ऐकत होती. वाचून संपलं तशी खाली ओरडली, "माझा नाव नाय रे त्यात! मरूचा रवला ना माझा!"

सगळी चाळ हसली. मीही हसलो. हसू विरलं तशी ती म्हणाली, "राज्य इला. आता माका चौथो दरवाजो दाखवा."

जयवंत गिरणीत फिटर. त्याने वेताच्या खुर्चीला सायकलची दोन चाकं बसवली, पुढे भंगारातल्या ट्रॉलीचं एक लहान चाक. गॅलरीत चालवून बघितली, तेव्हा वहिनीने शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन प्रत्येक दाराशी थांबून कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते विचारलं. चार वर्षांत तिला ते कळलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी ओळखीच्या लॉरीतून निघालो. भाजे गावापासून पुढे बैलगाडीची वाट. खुर्ची खडखडत चालली होती आणि वहिनीचं तोंडही.

"भिवा, हळू ढकल. तुझ्या लग्नात बैल पण एवढे उधळले नव्हते."

"वहिनी, बैलांना तुझी बडबड ऐकायला लागली नव्हती."

"कोंडीदादा, हसतंस काय? तुझी खुर्ची पण ह्याच फिटराकडून करून घे, पुढल्या वर्साक लागतली."

कोंडीराम खरंच हसत होता. त्याला इतका हसताना मी कधी पाहिला नव्हता.

पायऱ्यांशी चाकं संपली. खुर्ची दोन बांबूंना बांधून उचलली. वीसेक पायऱ्या चढलो असू. चढ उभा होता, खुर्ची मागे कलली, आणि वहिनी घसरली. तिचे पाय तिला धरून ठेवीत नव्हते. दादाने वरचेवर झेलली.

"आडवी घेऊया," कोंडीराम म्हणाला. "सुतळी आणा. पडायची नाय."

खुर्ची तिथेच ठेवली. बांबूंना आडव्या काटक्या बांधल्या, वर गोधडी घातली. कोंडीरामच्या गाठी एकेक करून घट्ट बसत गेल्या. ऊन डोक्यावर येत होतं.

"माझ्या तोंडावर कायतरी घाला रे, डोळे जळतत," वहिनी म्हणाली. दादाने पिशवीतलं आपलं धुतलेलं धोतर काढलं आणि तिच्यावर डोक्यापासून पायांपर्यंत पसरलं.

आम्ही उचलली. खांदे जुळले, पावलं जुळली. चढताना दम एका लयीत लागतो, म्हणून कोंडीरामने पुढून हळूच रामनाम सुरू केलं. संथ, ओळखीच्या ठेक्यात. जयवंतने साथ दिली, मग दादाने, मग मी. धोतराखाली कुणी बोलत नव्हतं. आम्हीही तिच्याशी काही बोललो नाही. वजन नीट वाटून घेतलं होतं, डगमग नव्हती. मला तर बरं वाटत होतं.

दुसऱ्या दरवाजाशी कोंडीराम थांबला. "टेका खाली. पुढचे मागे, मागचे पुढे." टेकवली. तो वाकून उठला. आम्ही जागा बदलल्या आणि पुन्हा खांद्यावर घेतली.

दरवाजाच्या सावलीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. आम्हाला बघून ती उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, हात जोडले, डोळे मिटून काही पुटपुटली. मग शेजारून जाणाऱ्या मला हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं रं बाबा? आन् वर कुठं न्हेता? जाळायला लाकूड तरी हाय का वर?"

माझ्या तोंडातलं रामनाम तिथेच थांबलं. मग जयवंतचं, मग दादाचं. कोंडीरामचं एकट्याचं दोन पावलं पुढे गेलं आणि तेही थांबलं.

धोतर हललं. आतून आवाज आला, "कोण गेला नाय गो म्हातारे. मी जिती आसंय."

म्हातारी किंचाळली. शेळ्या उधळल्या, त्यांच्यामागे तीही पायऱ्या उतरत सुटली. मागे वळून पाहिलंही नाही.

"खाली ठेवा माका."

ठेवली. वहिनीने धोतर बाजूला केलं. मला वाटलं ती हसेल. एवढी मोठी थट्टा तिने कधी सोडली नसती. तिने फक्त मान वळवली. आधी बांबू बघितले, मग गाठी, मग आम्ही चौघं कसे उभे होतो ते. दोघं पुढे, दोघं मागे.

"कोंडीदादा, मुठीत काय तुझ्या?"

कोंडीरामने खाली पाहिलं. मूठ वळलेली होती आणि ती त्याला उघडता येईना. शेवटी जयवंतने त्याची बोटं सोडवली. आत दगड होता. काळा, लिंबाएवढा.

आमच्याकडे मयत नेताना अर्ध्या वाटेत विसावा देतात, खांदेकरी बदलतात आणि तिथला एक दगड उचलतात. जीवखडा म्हणतात त्याला. गेलेल्याचा जीव त्या दगडात असतो, असं मानतात. कोंडीराम वाकून उठला होता तेव्हा त्याने तो उचलला होता. उचलला हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आम्हा तिघांनाही ते खटकलं नव्हतं. सगळं कसं जिथल्या तिथे झालं होतं.



वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "भिवा, चार वर्सां तुम्ही माका जिन्यातून उतरवतास. तेव्हा पण असेच गप ऱ्हवतास. माका वाटायचा, वजन लागता म्हणून."

आम्ही तिला दवाखान्यात नेत होतो, परत आणत होतो, न चुकता, न धक्का लावता. आणि पहिल्या दिवसापासून आम्ही तिला पोहोचवतच होतो.

"सोडा दोरे."

"जाई, अगं ऊन..." दादा म्हणाला.

"सोडा."

गाठी कोंडीरामच्या होत्या, त्यालाच सोडाव्या लागल्या. वहिनीला पायरीवर बसवलं. तिने दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकले आणि लगेच उचलले. दगड तापला होता. तिने धोतर दादाकडे फेकलं. "फाड."

दादाने ते धोतर फाडलं. त्याच्या चिंध्या तिच्या तळहातांवर बांधल्या. मग तिने हात मागे रोवले, अंग उचललं आणि वरच्या पायरीवर बसली. दादाने तिचे पाय उचलून एक पायरी वर ठेवले. पुन्हा हात. पुन्हा अंग. पाठ गडाकडे आणि तोंड आमच्याकडे. त्यामुळे चढताना पूर्ण वेळ ती आमचे चेहरे बघत होती, आणि आम्हाला तिच्याकडे बघावंच लागत होतं.

"बोला," ती धापा टाकत म्हणाली. "गप ऱ्हवलास तर मी हंयच बसान."

काय बोलणार? जयवंत खात्यातल्या नव्या मुकादमाच्या, जॉबरच्या मिशांबद्दल बोलला. मी पोराच्या शाळेबद्दल बोललो. दादा नुसताच "हळू, हळू" म्हणत राहिला.

"कोंडीदादा, तू पण."

तिसरा दरवाजा मागे पडला. मग कोंडीराम खाकरून म्हणाला, "काल... वालाच्या भाजीत मीठ जास्ती झालेला."

"कोणाच्या? तुझ्या बायलेच्या, कमळाबायच्या?"

"हां."

"मग बोललंस काय तिका?"

"नाय."

"आज घरी जाऊन बोल. जिती माणसां बोलतत."

चौथ्या दरवाजाशी पोहोचलो तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या आणि चिंध्या लाल झाल्या होत्या. उंबऱ्यावर ती पाठमोरी चढली. आतून वारा आला, तिच्या मोकळ्या झालेल्या केसांतून आमच्या तोंडावर. तिने ओवी उचलली, पण दम पुरला नाही. अर्धी ओळ वाऱ्याने नेली. तिने दगडी चौकटीला गाल लावला आणि तशीच बसून राहिली. आम्ही चौघं खालच्या पायरीवर, मान वर करून तिच्याकडे बघत. वारा काय बोलला, तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.

थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. "दगड कुठेय?"

कोंडीरामने तो खिशातून काढून दरीत टाकायला हात वर केला होता.

"थांब! माझो ना तो? मग माझ्याकडे दे."

तिने तो पदरात बांधला. उतरताना ती कोंडीरामच्या पाठीवर होती, मान त्याच्या खांद्यावरून पुढे काढून पायरीगणिक त्याला रागे भरत. "डावीकडे. आंधळो काय तू? हळू, मी काय सरपण आसंय?" आणि तो प्रत्येक वेळी, मोठ्याने, "हां जाई, हां," म्हणत होता.

जाईवहिनी चहात आलं घालते. ते ती त्याच दगडाने ठेचते. ठक ठक आवाज आला की खालून कोंडीराम ओरडतो, "जाई, माझो पण कप टाक!"