कोबीला जागा नाही

फेअरमीड कंपनीनं आमच्या भागातलं सुपरमार्केट बंद केलं, तेव्हा कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मंगळवारी संध्याकाळी मी तिथून अंडी आणली होती. बुधवारी सकाळी व्हर्डेलताई दूध आणायला गेली, तर दाराला साखळी आणि काचेवर कागद चिकटवलेला : 'इतकी वर्षं आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल मनापासून आभार.' ताई रिकामी पिशवी घेऊन परत आली, माझ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "रोलांडा, मेल्यांनी आभार मानलेत. आता रात्रीच्याला आभारच शिजव."

क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या आमच्या गल्लीत ताईचं घर माझ्या घराला लागून. व्हर्डेल टब्ज तिचं नाव, पण सगळी गल्ली तिला ताईच म्हणते. मोटारींच्या सीटा शिवायच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. नवरा होझिया महापालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. मग साखरेच्या दुखण्यानं त्याचा डावा पाय घोट्याखाली नेला. डॉक्टर दर भेटीला तेच सांगायचे : पालेभाज्या खा, फळं खा, डब्यातलं खाऊ नका. होझिया मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर म्हणायचा, "डॉक्टरांना विचारायला हवं, ते राहतात कुठं? त्यांच्याकडंच जेवायला जाऊ."

कारण आता आमच्याकडं उरली होती कोपऱ्यावरची दोन दुकानं. जाड काचेमागं मालक बसलेला, खालच्या फटीतून पैसे सरकवायचे आणि काय हवं ते ओरडून सांगायचं. चिप्स, सोड्याच्या बाटल्या, सिगारेटी, डब्यातली सॉसेजेस, बिअर, लॉटरीची तिकिटं. फळ म्हणाल तर काळी पडलेली केळी, तीही फेअरमीडपेक्षा महाग. चांगलं काही हवं असेल तर दोन बस बदलून उपनगरात जायचं. तिथं फेअरमीडचंच दुसरं दुकान, झगझगीत, दारात फुलांच्या बादल्या मांडलेल्या.

त्या हिवाळ्यात एकदा बस बदलताना ताईची पिशवी फाटली. संत्री घसरगुंडीवरून घरंगळल्यासारखी बर्फाच्या चिखलात गेली. ताई गुडघ्यावर बसून ती वेचत होती, तेवढ्यात दुसरी बस समोरून निघून गेली. घरी आली तेव्हा बोटं निळी पडली होती. मी चहा दिला. ती म्हणाली, "मी रडले नाही बरं का. मला नुसतं कुणाच्या तरी डोक्यात ते संत्रं हाणावंसं वाटत होतं, पण समोर कुणी नव्हतंच."

कुणाच्या डोक्यात हाणायचं, ते थर्मन वोमॅकनं सांगितलं. थर्मन जत्रांमधून ट्रक लावून भाज्या आणि मांस विकायचा. त्याचा बापही तेच करायचा. फेअरमीडची इमारत ओस पडल्यावर त्यानं बँकेत खेटे घातले, दोन भाऊ भागीदार म्हणून उभे केले, आणि इमारतीच्या नव्या मालकाला जाऊन भेटला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो ताईच्या पायऱ्यांवर येऊन बसला, तो टोपी हातात चुरगाळतच.

"ताई, नाही जमायचं."

"का? भाडं जास्त सांगतोय?"

"भाडं तो कमीसुद्धा करायला तयार आहे. पण विकताना फेअरमीडनं अट घातलीय. त्या जागेत वीस वर्षं कुणी खायची वस्तू विकायची नाही. काहीही चालेल, फक्त किराणा नाही, भाजी नाही, मांस नाही."

ताईला आधी कळलंच नाही. "पण ते तर गेले ना सोडून?"

"गेले. पण इथं दुसरं कुणी आलं तर उपनगरातल्या त्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटेल. तुम्ही बस बदलून तिथंच जाता ना? त्यांना तेच हवंय."

होझिया त्याच्या चाकांच्या खुर्चीत बसून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "आपण जेवायचं नाही, आणि दुसऱ्याच्या अन्नात माती कालवायची."

ताई उठून आत गेली. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढच्याच आठवड्यात तिनं पास्टरांना गाठून चर्चच्या तळघरात सभा लावली. गल्लीगल्लीतून माणसं आली, नगरसेवक गेन्स आले, आणि फेअरमीडनं केटलिन नावाची एक तरुण बाई पाठवली. गोड बोलणारी, सगळ्यांना नावं विचारणारी. तिनं पडद्यावर आलेख दाखवले आणि म्हणाली, "आम्हालाही वाईट वाटतं. पण आमचे आकडे सांगतात, की या भागात ताज्या मालाला मागणीच नव्हती."

ताई उभी राहिली. "बाई, मागणी होती. ताजा माल नव्हता."

लोक हसले. ताई हसली नाही.

"तुमच्या त्या दुसऱ्या दुकानात लेट्यूसची पानं उभी असतात. आमच्याकडं यायची ती आडवी पडलेली. दोन दुकानं मी डोळ्यांनी पाहिलीत. तिथं विकलं जायचं नाही ते इथं पाठवायचात, आम्ही नाही घेतलं की लिहायचात, या लोकांना भाजी आवडत नाही. माझी आई परसात कोलार्डची पालेभाजी लावायची. आम्ही ती मटणाबरोबर शिजवून खाल्ली, मका खाल्ला, भेंडी खाल्ली. आम्हाला भाजी तुम्ही शिकवणार?"

"मी तसं म्हणत नाहीये, मॅडम."

"मग ते वीस वर्षांचं काय?"

केटलिनचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "त्या व्यवहाराबद्दल मला बोलता येणार नाही."

"का? तोंडाला वीस वर्षांची अट आहे का तुझ्याही?"

तळघर दणाणलं. नगरसेवक गेन्स घड्याळाकडं बघत होते.

तेवढ्या गोंगाटाचा परिणाम झाला, पण आम्हाला हवा होता तो नाही. थोड्याच दिवसांत फेअरमीडनं जाहीर केलं : महिन्यातून एकदा भाज्या-फळांची मोफत गाडी येईल. गाडी आली. हिरवीगार, बाजूवर हसऱ्या गाजराचं चित्र. खरं सांगायचं तर माल चांगला होता. कोबी, बीन्स, पीच. होझियानं पीच हातात घेऊन नुसता वास घेतला. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढच्या महिन्यातही राहिलो. तिसऱ्या खेपेला टीव्हीवाले येणार होते, आणि केटलिननं ताईला फोन करून दोन शब्द बोलायची विनंती केली. तिला वाटलं असावं, सगळ्यात मोठा आवाज आपल्या बाजूला आला की काम झालं.

ताई निळा फ्रॉक घालून गेली. माइक हातात घेतला. म्हणाली, "पीच छान आहेत." टाळ्या वाजल्या. मग तिनं हात वर करून मागच्या बंद इमारतीकडं दाखवलं. "आता कॅमेरा जरा तिकडं फिरवा. ते दुकान यांनी बंद केलं आणि वीस वर्षं तिथं कुणाला भाकरीचा तुकडा विकू द्यायचा नाही, असं लिहून घेतलं. आमच्यातलाच एक माणूस दुकान टाकायला तयार आहे, त्याला दार उघडू देत नाहीत. वर्षभर गळा दाबायचा आणि महिन्यातून एकदा पाणी पाजायचं, आणि त्या पाण्याचे फोटो काढायचे. हे दान नाही. हे तोंड बंद करायचं..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. माइक बंद झाला होता. ताई बिनमाइकची ओरडत राहिली आणि टीव्हीच्या पोरीनं ते सगळं घेतलं. रात्री बातम्यांत आलं.

पुढच्या महिन्यात गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग आमची माणसं तिच्यावर उलटली. लाँड्रीत बायका तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. "हिला काय, नवऱ्याची पेन्शन आहे." "आमच्या पोरांच्या तोंडातला घास काढला." क्लीटस म्हातारा तर तिच्या दारासमोर उभा राहून म्हणाला, "व्हर्डेल, तुझ्या मोठ्या तोंडाचं सूप करून प्यायचं का आम्ही?" क्लीटसचं चुकलं होतं असंही मला म्हणता येईना. भुकेल्या माणसाला तत्त्व कसं चावायचं ते कुणी सांगावं.

सगळ्यात मोठं भांडण घरात झालं. भिंती पातळ आहेत, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी पीच खात होतो, व्हर्डेल! इतक्या वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरनं तपासणीच्या कागदाकडं बघून मान डोलवली!"

"महिन्यातून एकदा पीच टाकायचा आणि बाकीचे दिवस गप्प बसवायचं! तुला काय कुत्रा समजलेत का?"

"कुत्र्याला माझ्यापेक्षा तीन पाय जास्त असतात!"

थोड्या वेळानं ताई बाहेर येऊन पायरीवर बसली. मी जाऊन शेजारी बसले. "रोलांडा, मी गप्प बसायला हवं होतं का?"

"मला नाही माहीत, ताई."

"मलाही नाही माहीत. पण माइक हातात आला आणि मला ती हसरी गाजरं सहनच होईनात."

टीव्हीवरच्या त्या बातमीनं एक मात्र झालं. नगरसेवक गेन्सना निवडणूक जवळ आलेली दिसली आणि अचानक त्यांना ताईचं नाव पाठ झालं. महापालिकेत सुनावण्या झाल्या. ताई प्रत्येक वेळी गेली, थर्मन गेला, मी सुट्टी काढून दोनदा गेले. शेवटी वसंतात कायदा पास झाला : यापुढं आमच्या शहरात दुकान बंद करणाऱ्या कुठल्याही कंपनीला अशी अट घालता येणार नाही. सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गेन्सनी ताईला मिठी मारली.

ताईनं मिठीतूनच विचारलं, "मग आमच्या दुकानाचं कुलूप कधी निघणार?"

गेन्सनी आवाज खाली आणला. "ताई, कायदा मागच्या व्यवहारांना लागू होत नाही. यापुढच्या... पण तुमच्यामुळं बाकीचे वाचतील."

ताईनं त्यांचे हात खांद्यावरून काढले. "म्हणजे आमचा गळा दाबला, तो दाबलेलाच राहणार. फक्त दुसऱ्याचा दाबायचा नाही." आणि ती टाळ्या चालू असतानाच बाहेर पडली.

उन्हाळ्यात इमारतीला रंग लागला. नव्या मालकानं आत पत्र्याचे खण पाडले आणि लोकांचं जास्तीचं सामान भाड्यानं ठेवायला सुरुवात केली. उपनगरातल्या माणसांचे सोफे, व्यायामाची यंत्रं, नाताळची झाडं. आत थंड हवा सोडलेली, सोफ्यांना उकडू नये म्हणून. होझिया खिडकीतून बघत म्हणाला, "सोफ्याला जागा आहे, कोबीला नाही."

थर्मननं मग ट्रकच आणला. इमारतीच्या आवारात पाय ठेवता येत नाही, म्हणून समोरच्या सरकारी रस्त्याच्या कडेला गुरुवारी आणि शनिवारी लावतो. कधी पोलीस हटकतात, कधी दंड होतो. पहिल्या गुरुवारी ताई सगळ्यांत पुढं उभी होती. मागून क्लीटस आला, थोडा घुटमळला, आणि म्हणाला, "व्हर्डेल, ती कोलार्डची जुडी जरा इकडं दे." तिनं दिली.

कायदा होऊन वर्ष झालं तेव्हा तीच टीव्हीची पोरगी परत आली. ट्रकपाशी ताईला गाठून विचारलं, "तुमच्या लढ्यामुळं शहराचा कायदा बदलला. आज समाधान वाटतं का?"

ताई टोमॅटो दाबून बघत होती. "तुझ्या घराजवळ दुकान आहे?"

"हो, आहे की."

"बसनं जातेस?"

"नाही, चालतच जाते. कोपऱ्यावरच आहे."

"मग जा घरी," ताई म्हणाली. "आणि समाधान तुझ्या शेजाऱ्यांना विचार. कायदा त्यांना लागू झालाय."

पोरगी गोरीमोरी झाली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. ताईनं पिशवी शेजारीच बसलेल्या होझियाच्या मांडीवर ठेवली आणि त्याची खुर्ची ढकलत फुटपाथच्या फुटक्या फरश्यांवरून घराकडं निघाली. खुर्ची अडली की ती मोठ्यानं शिव्या देत होती, आणि होझिया पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून तिला म्हणत होता, "हळू, व्हर्डेल, टोमॅटो चेंगरतील."